काका, तुम्ही तुमच्या वडिलांचे वडील आहात

आप्पाकाकांचा फोन आला तेव्हा मी टॉवेल खांद्यावर टाकून आंघोळीला निघालो होतो. "घराण्याची यादी पूर्ण झाली," ते म्हणाले. "८४७ माणसं. आता तू फक्त तिचं झाड करून दे."

आंघोळ होईपर्यंत मी मनातल्या मनात प्रोग्राम लिहूनही टाकला होता. सरळ यादी घ्यायची आणि तिची एकात एक अशी रचना करायची. बापाच्या पोटात मुलं, मुलांच्या पोटात नातवंडं. आमच्या धंद्यातलं हे बाळबोध काम. नोकरीसाठी मुलाखतीला येणाऱ्या पोरांना मी हाच प्रश्न विचारतो आणि ती अडखळली की समजूतदारपणे हसतो. ते हसणं कुठेतरी लिहून ठेवलं जात होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

आप्पाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. निवृत्त झाल्यावर लोक गुडघ्यांच्या मागे लागतात, काका कुलवृत्तांताच्या मागे लागले. बारा वर्षं एसटीने हिंडले. वाईजवळच्या मूळ गावी जाऊन आले, त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांकडच्या नामावळी, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नावांच्या वह्या, पाहून आले. शेवटी पुतण्याच्या जुन्या लॅपटॉपवर एक्सेल शिकले आणि सगळं त्यात भरलं. फाइलचं नाव होतं 'कुलवृत्तांत फायनल नवीन खरी'.

मी ती उघडली. अनुक्रमांक, नाव, वडिलांचे नाव, गाव, शेरा. शेऱ्याचा रकाना वाचण्यात पहिला तास गेला. 'लहानपणी वारले.' 'बडोद्यास असतात असे ऐकतो.' 'यांच्याशी बोलणे नाही.' एका आजोबांपुढे नुसतंच 'असो' लिहिलं होतं.

मग वडिलांच्या रकान्याकडे नजर गेली. तिथे बहुतेक ठिकाणी दोन टिकल्या होत्या. जुन्या खतावणीत असायच्या तशा, म्हणजे 'वरीलप्रमाणे'. थोरल्या भावापुढे वडिलांचं नाव पूर्ण लिहायचं, धाकट्या पाचांपुढे टिकल्या द्यायच्या. माणसाला वाचायला उत्तम. यंत्राला शिकवायलाही अवघड नाही. टिकली दिसली की वरच्या ओळीतलं नाव उचल, एवढंच सांगायचं. तसं सांगितलं आणि पहिलीच ओळ पाहिली. नाव अच्युत, वडिलांच्या जागी टिकल्या. वरची ओळ म्हणजे रकान्याचं शीर्षक. काटेकोरपणे वाचलं तर आमचे अच्युतराव हे 'वडिलांचे नाव' यांचे चिरंजीव ठरत होते. त्यांच्याखाली अनंत, टिकल्या. अंबादास, टिकल्या. 'वडिलांचे नाव' यांना एकूण सात मुलगे झाले होते.

मी काकांना फोन लावला.

"हां, ते होय," काका म्हणाले. "तुला शोधायला सोपं जावं म्हणून मी सगळी नावं अकारविल्हे लावून घेतली. एक बटण आहे त्यात."

"पण काका, टिकल्या!"

"टिकल्या आहेत की. एकही पुसली नाही."

मला एक आशा होती. ओळ कितीही हलली तरी तिचा अनुक्रमांक तिच्याबरोबर हलतो. त्या आकड्यांवरून जुना क्रम परत लावता आला असता. तसं म्हटलं तर काका खुशीत आले. "ते आकडे फार विस्कटले होते. १, ४१२, ७०... बरं दिसेना. मग मी पुन्हा १ ते ८४७ ओढून घेतले."

त्या ओळींमध्ये बाप लिहिलेलाच नव्हता, हे मला तेव्हा उमजलं. बाप होता दोन ओळींमधल्या जागेत. वर कोण बसलंय यावर सगळी मदार, आणि काकांनी सगळ्यांना उठवून पंगतीत नव्याने बसवलं होतं. मूळ दोनशेपानी वह्या काकांच्या कपाटात होत्या म्हणून घराणं वाचलं. काकांनी तीन आठवडे बसून प्रत्येकापुढे वडिलांचं पूर्ण नाव टाइप केलं. फोनवर अधूनमधून सांगायचे, "आज 'म'पर्यंत आलो."

नवी फाइल आली. आता मात्र दहा मिनिटांचं काम. नावावरून माणूस सापडेल अशी डिक्शनरी केली, प्रत्येकाला त्याच्या वडिलांच्या खाली टाकलं आणि मूळपुरुषापासून झाड छापलं. झाड छान आलं, फक्त अर्ध्याहून अधिक माणसं त्यात नव्हती. झाडात ३१२च मोजली. काका नव्हते, माझे वडील नव्हते, मीही नव्हतो. एररसुद्धा नाही. आमची सबंध थोरली पाती कुठल्याही गाजावाजाशिवाय नाहीशी झाली होती.

मग म्हटलं, प्रत्येकाची पिढी मोजू. माणसापासून वर चढत जायचं, बाप, बापाचा बाप, मूळपुरुष येईपर्यंत. पायथन ही भाषा अशी चढाई साधारण १००० पायऱ्यांपर्यंत निमूट करते आणि मग हात टेकते. तिने काकांच्या नावाशी हात टेकले. हजार पिढ्या चढूनही काकांचा मूळपुरुष येत नव्हता.

कारण कागदावर काढलं तेव्हा समजलं. काकांचं कागदोपत्री नाव गणेश विष्णू. त्यांचे वडील विष्णू गणेश. आजोबा गणेश विष्णू. पणजोबा विष्णू गणेश. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडची जुनी रीत, आणि आमच्या लोकांनी ती चार पिढ्या कसोशीने पाळली होती. डिक्शनरीत एका नावाला एकच माणूस राहतो. त्याच नावाचा दुसरा आला की पहिला पुसला जातो. त्यामुळे काकांच्या वडिलांना 'गणेश विष्णू' हा बाप शोधायला पाठवलं, तर ते आपल्या मुलाकडेच, म्हणजे काकांकडे जाऊन पोचले. काका बाप शोधत 'विष्णू गणेश'कडे गेले, तर तिथे वडीलच होते. दोघे एकमेकांचा हात धरून गोल फिरत होते. आजोबांनाही 'विष्णू गणेश' हवे होते, तेही याच गोलात येऊन काकांचे भाऊ झाले. तिकडे पणजोबांच्या वाट्याला एकही मूल उरलं नाही आणि ते निपुत्रिक ठरले. मूळपुरुषापासून खाली येणारी वाट तिथेच तुटली.

"काका," मी म्हणालो, "सध्या तुम्ही तुमच्या वडिलांचे वडील आहात. आणि ते तुमचे."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेवटची दोन वर्षं तसंच होतं रे."

यावर मी काय बोलणार? मी त्यांना सांगितलं की नाव चालणार नाही, प्रत्येकाला दुसऱ्या कोणाचा नसेल असा आकडा हवा. काका म्हणाले, आकडे आहेतच. वहीत त्यांनी मोठ्या अकलेने क्रमांक दिले होते. मूळपुरुषाच्या तिसऱ्या मुलाचा दुसरा मुलगा तो ३-२, त्याचा पहिला ३-२-१. माणसाच्या क्रमांकातच त्याची सगळी वंशावळ. मी मनोमन काकांना नमस्कार केला आणि ते क्रमांक एक्सेलमध्ये भरा म्हणालो.

एक्सेलला ३-२ दिसलं की तो माणूस आहे असं वाटत नाही, ३ फेब्रुवारी वाटतो. १-२-३ म्हणजे १ फेब्रुवारी २००३. आणि आतल्या आत एक्सेल तारीख ठेवतं दिवसांच्या मोजणीत, त्यामुळे मी फाइल वाचली तेव्हा आमचे एक खापरपणजोबा ३७६५३ झालेले होते. चार आकड्यांच्या क्रमांकाची तारीख होत नाही, म्हणून पुढच्या पिढ्या शाबूत राहिल्या आणि वाडवडील मात्र कॅलेंडरवर गेले. यात काकांना हसण्यात अर्थ नाही. मानवी जनुकांना नावं देणारी आंतरराष्ट्रीय समिती आहे. एक्सेल मार्च-१ नावाच्या जनुकाची १ मार्च करतं म्हणून तिने काही जनुकांची नावंच बदलली आणि २०२० साली तसं जाहीर केलं. आमच्याकडे रकाना 'टेक्स्ट' करून भागलं. तरी क्रम लावल्यावर १-१० हा मुलगा १-२ च्या आधी उभा राहिलाच. अक्षरं म्हणून पाहिलं की दहाची सुरुवात एकाने होते. दहावा मुलगा दुसऱ्याचा थोरला झाला.

आता प्रोग्राम. घरच्यांना मी हे काम स्टीलच्या डब्यांवरून समजावतो. आधी प्रत्येक माणसासाठी एक रिकामा डबा मांडायचा आणि त्यावर क्रमांक टाकायचा. मग यादी पुन्हा पहिल्यापासून घ्यायची आणि प्रत्येक डबा त्याच्या बापाच्या डब्यात ठेवायचा. गंमत म्हणजे क्रमाची काळजी नाही. नातू आधी बापात गेला आणि बाप नंतर आजोबात गेला, तरी नातू आपोआप आजोबाच्या पोटात. यादीवरून दोनदा हात फिरवला की झालं. नाहीतर प्रत्येकाची मुलं शोधायला सबंध यादी चाळायची, म्हणजे ८४७ गुणिले ८४७, सात लाख सतरा हजार चारशे नऊ तुलना. खरं सांगायचं तर आजच्या यंत्राला तेवढ्याने जांभईही येत नाही. पण त्र्यंबकेश्वरचे उपाध्याय गाव आणि आडनाव ऐकून दोन मिनिटांत नेमकी वही काढतात, आणि मी संगणक हाताशी असून सगळ्या वह्या चाळू?

घाईत मी सगळ्यांचे डबे प्रोग्रामच्या एकाच ओळीत मांडून घेतले. एका फटक्यात सगळ्यांना रिकामी यादी, म्हणजे रिकामा डबा, देण्याची सोय पायथनमध्ये आहे. ती प्रत्येकाला वेगळी यादी देत नाही, एकच यादी सगळ्यांच्या हातात देते, हे मला माहीत होतं. दुसऱ्यांच्या प्रोग्राममध्ये मी ते नेहमी पकडतो. प्रोग्राम चालवला आणि आमच्या घराण्यातल्या प्रत्येकाला, दीड वर्षाच्या पणतीसकट, ८४६ मुलं झाली; बाप नसलेला मूळपुरुष तेवढा सुटला. त्यांत ती स्वतःही होती. ते दुरुस्त केलं आणि रात्री साडेअकराला खरोखरचं झाड उभं राहिलं. काकांना पाठवलं. उत्तर आलं दोन हात जोडलेल्या चित्राचं.

सकाळी सुमाआत्याचा फोन. सुमाआत्या म्हणजे काकांची बहीण.

"माझं नाव आहे, पुढे 'साताऱ्यास दिली' आहे, आणि मग काहीच नाही? मला साताऱ्यास दिल्यावर मी संपले का? माझा मुलगा कुठाय?"

तिचं बरोबर होतं. आईचा रकाना घातला, लेकींचा वंश पुढे नेला. आणि झाड जे मोडलं ते मोडलंच. सुमाआत्याच्या मुलाने मामाची मुलगी केलेली, म्हणजे आप्पाकाकांचीच. त्यांचा मुलगा पिंट्या वडिलांकडून आत्याचा नातू आणि आईकडून काकांचा. दोन फांद्यांवर एकच फळ. मी दोन्हीकडे टाकला, तर फाइलमध्ये दोन पिंटे तयार झाले. एकाचा फोन नंबर बदलला की दुसऱ्याकडे जुनाच. त्यात दत्तक गेलेले तीन आजोबा, त्यांना जन्मदाता वेगळा आणि वारसा वेगळा. डबा दोन डब्यांत एकाच वेळी ठेवता येत नाही, हे आईने मला लहानपणीच सांगितलं असतं.

मग मी जगात इतरांनी काय केलं ते वाचलं. अमेरिकेतल्या मॉर्मन लोकांच्या चर्चने १९८४ साली वंशावळींसाठी जेडकॉम नावाचा साचा काढला, तो अजून चालतो. मोठ्या उत्सुकतेने उघडला. आत पिढ्या एकात एक नाहीतच! सगळी माणसं एका सरळ यादीत, सगळी कुटुंबं दुसऱ्या सरळ यादीत, आणि कोणत्या कुटुंबात कोण नवरा, कोण बायको, कोण मुलं, ते नुसत्या क्रमांकांनी जोडलेलं. चाळीस वर्षांपूर्वीच त्यांनी झाडाचा नाद सोडला होता. काकांच्या वहीत आणि त्यांच्यात फरक एवढाच की त्यांनी टिकल्या दिल्या नव्हत्या.

मी तसंच केलं. आत याद्या, आणि वर दाखवण्यापुरतं झाड. काका खूश झाले, आत्या त्याहून खूश. आठवड्याने काकांचा फोन.

"झाड फार सुरेख झालंय. आता दिवाळीनंतर कुलसंमेलन घ्यायचं म्हणतोय. पत्रिका पोस्टाने पाठवायच्या. तेव्हा तू असं कर, या झाडाची एक सरळ यादी करून दे. नाव आणि पत्ता. सोपं आहे ना?"

आत याद्या होत्या, त्यातली एक तशीच द्यायला हवी होती. पण काकांनी झाडाची मागितली म्हणून मी झाडावरूनच उतरत गेलो, फांदी फांदी करत. पत्रिका गेल्या. चार दिवसांनी पुन्हा फोन.

"पिंट्याला दोन पत्रिका कशा गेल्या?"

"एक आईकडून, एक वडिलांकडून," मी म्हणालो.

काकांनी मनात हिशोब केला असावा. "बरोबर आहे," ते म्हणाले. "पण जेवायला त्याचं एकच पान धर."