‘आपल्याकडे लपवण्यासारखे आहेच काय?’ या संदेशाला उत्तर

कोल्हापुरातल्या अनेक व्हॉट्सॲप गटांवर फिरणाऱ्या एका संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे: सामान्य माणसाकडे लपवण्यासारखे काही नसते, आपली माहिती केव्हाच सगळीकडे पोहोचली आहे, आणि तिच्या संरक्षणाचा कायदा हा मोठ्या कंपन्यांचा विषय आहे. हा संदेश पुढे पाठवणारी माणसे ओळखीची आणि सद्हेतूची आहेत, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यावेसे वाटते.

पहिला मुद्दा लपवण्याचा. आपण डॉक्टरांना आजार सांगतो, बँकेला उत्पन्न सांगतो, पतसंस्थेला आधीचे कर्ज सांगतो. यात लपवाछपवी कुठेच नाही. मात्र डॉक्टरांना सांगितलेला आजार विमा विकणाऱ्याच्या यादीत जावा, असे आपण कधी ठरवलेले नसते. कोणती माहिती कोणाला, कशासाठी आणि किती काळ द्यायची हे ठरवण्याचा अधिकार, एवढाच हा प्रश्न आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो श्रीमंतांपुरता नव्हे.

दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि तोच जास्त घातक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर मदतीसाठी आधार कार्डाच्या आणि पासबुकाच्या किती झेरॉक्स आपण दिल्या, याचा हिशेब कोणत्याच घरात नसेल. त्या प्रती परत मिळणार नाहीत, हे मान्य. पण गेलेल्या माहितीचा उद्या काय उपयोग होऊ शकतो, हे अजून आपल्या हातात आहे. नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे कृत्रिम साचे करून, आधार-आधारित व्यवहारांतून बँक खात्यातले पैसे काढल्याचे प्रकार देशात उघडकीस आले आहेत. पासवर्ड बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधार प्राधिकरणाने बोटांचे ठसे व डोळ्यांची ओळख ‘लॉक’ करण्याची सोय दिली आहे. लॉक असताना चोरलेला ठसा प्रमाणीकरणात चालत नाही, आणि रेशन घेताना ते तात्पुरते उघडता येते. ज्या वृद्धांचा मोबाइल आधारला जोडलेला नाही, त्यांना हे एकट्याने जमणे अवघड आहे. त्यांच्या घरच्यांनी यात लक्ष घालायलाच हवे. लॉजवर खोली घेताना शेवटचे चारच अंक दिसणारे ‘मास्क्ड’ आधार देता येते. पूर्ण आधार क्रमांकाऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांक काढता येतो आणि हवा तेव्हा बदलताही येतो. आपल्या नावावर किती सिमकार्डे आहेत, हे दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहून अनोळखी क्रमांकाची तक्रार करता येते.

तिसरा मुद्दा कायद्याचा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, मात्र त्यातील मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. तो आपल्या विषयाचा नाही असे म्हणणाऱ्यांनी त्यातलेच एक उदाहरण वाचावे: दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने फोनमधले संपर्कही मागितले आणि आपण होकार दिला, तरी तो होकार सल्ल्यासाठी आवश्यक माहितीपुरताच मानला जातो, कारण संपर्कांची यादी त्या कामाला लागत नाही. कर्ज देणाऱ्या ॲपने आपल्या नातेवाइकांचे क्रमांक उचलून त्यांना फोन केल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या उदाहरणाचे मोल सांगावे लागणार नाही. दिलेली संमती, देताना जितकी सोपी होती तितक्याच सोपेपणाने, मागे घेता आली पाहिजे, असेही हा कायदा सांगतो.

या कायद्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना व्यापक सूट देता येते, ही मला गंभीर उणीव वाटते. पण त्या उणिवेविरुद्ध बोलायचे तर आधी हा हक्क आपला आहे, हे मानावे लागेल; ‘लपवण्यासारखे काही नाही’ म्हणणाऱ्याला तक्रारीलाही जागा उरत नाही.

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना एकच विनंती आहे. पुढच्या वेळी सायबर कॅफेत दाखल्याचा अर्ज भराल, तेव्हा तिथल्या संगणकावर राहिलेली आपल्या आधारची फाइल समोर उभे राहून पुसून घ्या, आणि व्हॉट्सॲपवरून पाठवली असेल तर तीही त्या फोनमधून काढायला सांगा.