गुडघे टेकलेला राजा
शेक्सपियरच्या 'हॅम्लेट' नाटकावरचा लेख आवडला. पण 'एल्सिनोरच्या (डेन्मार्कच्या राजवाड्यातल्या) दरबारात सगळेच मुखवटे घालून वावरतात, एकटा हॅम्लेट तेवढा आतबाहेर एक' हे काही पटलं नाही. काळे कपडे, उसासे, अश्रू कुणालाही वठवता येतात, वडील गेल्याचं माझं दुःख त्यापलीकडचं आहे, असं हा राजपुत्र आईला ठणकावतो खरा. पण पहिला अंक संपेपर्यंत हाच गडी वेडाचं सोंग घ्यायचं ठरवून मोकळा!

मला जास्त बोचतो तो तिसऱ्या अंकातला प्रार्थनेचा प्रसंग. हॅम्लेटच्या वडिलांचा खून करून राजा झालेला काका क्लॉडियस एकटाच गुडघे टेकून बसलाय, मागे सूड घ्यायला आलेला हॅम्लेट, तलवार उपसलेली. पण प्रार्थना करताना मेला तर थेट स्वर्गात जाईल, म्हणून हा हात आवरतो आणि निघून जातो. तो गेल्यावर राजा उठून कबुली देतो, शब्द वर गेले, मन खालीच राहिलं. म्हणजे प्रार्थना झालीच नव्हती! हे फक्त आपल्याला कळतं, हॅम्लेटला कधीच नाही. आणि लगेच पुढच्या प्रवेशात उलटा प्रकार: आईच्या महालात पडद्याआड कोण आहे हे न बघताच तलवार खुपसतो, आणि जातो राजाचा मंत्री पोलोनियस. (तोही चोरून ऐकतच होता म्हणा.)

आगरकरांनी १८८३ साली याच नाटकाचं मराठी रूपांतर केलं, नाव दिलं 'विकारविलसित'. नाव झकास आहे. मला मात्र इथे विकारांपेक्षा नजरच जास्त दगा देताना दिसते.