नवे पॅड म्हणजे ब्रेक चांगले असे नव्हे

‘पॅड नवे दिसले की पुढच्या ब्रेकची काळजी नको’ हे जुनी मोटरसायकल घेताना काय तपासावं यावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य कृपया बदला. गाडी विकायला काढताना पॅड बदलणं सगळ्यात स्वस्त पडतं, खरा खर्च चाकासोबत फिरणाऱ्या, पॅड जिला घासतात त्या डिस्क प्लेटचा. प्लेटच्या कडेवरून नख फिरवा. बाहेरच्या काठाला उंचवटा लागला, तर मधला भाग झिजलाय. किमान जाडी बहुतेक प्लेटवर मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या साधनाने) घासल्या जागी मोजा आणि त्याहून कमी भरली तर प्लेटचे पैसे किमतीतून वळते करून घ्या. मागे ड्रम (डिस्कऐवजी बंद डब्यातला ब्रेक) असेल तर ब्रेक दाबून धरा आणि लायनर, म्हणजे आतलं घासणारं अस्तर, झिजल्याचा ड्रमबाहेरचा बाण खुणेपलीकडे जातो का ते बघा.

पुढच्या शॉकअपबद्दल (चाकाचे धक्के झेलणाऱ्या, तेल भरलेल्या दांड्यांबद्दल) लेखात एकच ओळ आहे, ते फार कमी झालं. आम्ही रत्नागिरीकडचे, इथे खाऱ्या हवेने शॉकअपच्या पाईपवर गंजाचे बारीक खड्डे पडतात. ते आतलं तेल अडवणाऱ्या नव्या रबरी ऑइल सीललाही कापतात. विक्रेता तेल पुसून ठेवतो, म्हणून पुढचा ब्रेक धरून हँडल आठ-दहा वेळा जोरात दाबा, मग पाईपवर बोट फिरवा. तेलाचा ओलावा लागला तर नुसतं सील बदलून भागेलच असं नाही, आधी पाईप तपासा.