तुटलेल्या तारेची पावती

पावती अजून पाकिटात आहे. १३ डॉलर ५६ सेंट, ऑन्टारिओचा १३ टक्के कर धरून. गिटारच्या तारांचा एक संच. मी तारा घ्यायला गेलोच नव्हतो. 'नुसतं बघतोय हो' म्हणत चाळीस साड्या उलगडायला लावणारं गिऱ्हाईक असतं ना, तसा मी दर शनिवारी टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या एका वाद्यांच्या दुकानात जातो आणि न परवडणारी एक गिटार अर्धा तास फुकट वाजवून घरी येतो.

वय सत्तेचाळीस, मूळ डोंबिवली, लहानपणी चार वर्षं तबला. गिटार दीड वर्षापूर्वी हातात धरली, तीही टॅब बघून. टॅब म्हणजे सहा आडव्या रेघा, सहा तारांच्या, आणि त्यांवर पडद्यांचे, म्हणजे बोट ठेवायच्या घरांचे, आकडे. नोटेशन न येणाऱ्यांसाठी देवानेच पाठवलेली सोय. फक्त एक मेख आहे. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर असते आणि टॅबमध्ये तीच सगळ्यात खाली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे पहिले तीन आठवडे मी सगळं उलटं वाजवत होतो. शेजारच्या तमिळ काकूंनी त्याचंही कौतुक केलं. दुसरी मेख मोठी. साध्या टॅबमध्ये बोट कुठे ठेवायचं ते कळतं, कधी ठेवायचं ते कळत नाही. म्हणजे पत्ता आहे, पण मुहूर्त नाही.

सध्या माझी झटापट चालू आहे ती 'वायवायझेड'शी. रश या टोरांटोच्या त्रिकुटाच्या १९८१च्या 'मूव्हिंग पिक्चर्स' अल्बममधली शब्दच नसलेली रचना. वायवायझेड हे आमच्या विमानतळाचं सांकेतिक नाव, आईच्या बॅगेवर मेतकुटाच्या वासासकट चिकटून येतं तेच. वैमानिकांना रेडिओवर हे नाव मॉर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड ठोक्यांच्या लिपीत, ऐकू येतं, आणि या लोकांनी त्या कटकटीचाच ठेका केला. सुरुवातीला तो छोट्या झांजांवर वाजतो, आपल्या टाळांची चुलत भावंडंच ती. लांब ठोक्याला दोन आणि आखूडला एक धरा. वाय म्हणजे सात, पुन्हा वाय सात, झेड सहा. एकूण वीस, म्हणजे दुपटीत दहा मात्रा. टॅब शिकवणारे सगळे इथे घाम पुसतात. मी मात्र हे कळलं तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन बायकोला म्हणालो, "अगं, दहा मात्रा!" (खंड झपतालाचे नाहीत, कबूल. पण दहा ते दहाच.) ती म्हणाली, "गॅस बंद कर."

तर शनिवारी मी ते दहा मोजत बसलो होतो, आणि मागून आवाज आला.

"काय वाजवतोयस, बडी?"

इंग्रजीत तू-तुम्ही नसतं म्हणतात. पण हा 'तू'च होता. सत्तरी ओलांडलेले आजोबा, डोक्यावर लोकरी टोपी, हातात कॉफीचा कागदी पेला, दुकानात खायला-प्यायला बंदी असलेल्या पाटीखालीच उभे.

"वायवायझेड," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. मी 'झेड'ऐवजी अमेरिकनांसारखं 'झी' म्हणेन आणि आपण चूक सुधारू, या तयारीने ते आले होते. आता त्यांना काय ठाऊक, आमच्या घरी झी म्हणजे सासूबाईंची मालिका. पण आजोबा खचले नाहीत.

"ड्रमर कोण?"

"नील पर्ट."

"पीअर्ट!" डोळे लकाकले. "पी-अ-र्ट. सेंट कॅथरिन्सचा पोरगा. १९७४च्या जुलैत आला. आधी कोण होता?"

"जॉन रट्सी."

"हं. तुझं नाव काय?"

"हृषीकेश."

"रिशीकॅश," ते म्हणाले, आणि पुढे गेले. पुढे म्हणजे १९७५मध्ये. तिसरा अल्बम कसा आपटला, कंपनी कशी म्हणाली की आता छोटी, सोपी गाणी द्या, आणि या पोरांनी १९७६मध्ये रेकॉर्डची एक अख्खी बाजू, वीस मिनिटं, एकाच रचनेला कशी दिली. हे सगळं अशा थाटात, की कंपनीच्या तोंडावर दार आपटणाऱ्यांत आजोबाही होते. मग 'मूव्हिंग पिक्चर्स'चं कव्हर. "फोटो कुठे काढलाय?" क्वीन्स पार्क, विधिमंडळाची इमारत. "अर्थ किती?" तीन. चित्रं हलवणारे हमाल, ती बघून हेलावलेली माणसं, आणि मागच्या बाजूला शूटिंग करणारी मंडळी. "रेकॉर्डिंग?" मोरिन हाइट्स, क्वेबेक.

आता खरं सांगू का, इथे माझं हसू संपलं होतं. कॅनडाच्या नागरिकत्वाच्या परीक्षेत वीस प्रश्न असतात, पंधरा बरोबर आले की पास. मी पास होऊन नऊ वर्षं झाली. तरी हा एकविसावा प्रश्न कुणीतरी टोपी घालून विचारतंच. बाजूला एक सोनेरी केसांचा पोरगा तासभर एकच धून चुकीची वाजवत होता, त्याला कोणी विचारलं ड्रमर कोण? आणि पीअर्टच्या एका स्वरासाठी जीव टाकणाऱ्याने माझ्या नावातला एकही धड ठेवू नये?

म्हणून पुढचं मी मुद्दाम केलं. आजोबा म्हणाले, "किचनर शहरातल्या त्या कार्यक्रमाला मी होतो. 'गेस हू' बँडवाल्या रँडी बाकमनची तार तुटली, नवी जुळवता जुळवता त्याला 'अमेरिकन वुमन'ची धून सापडली. माझ्यासमोर!"

"पण बर्टन कमिंग्ज सांगतो की ते इथे, स्कारबरोच्या कर्लिंग क्लबात झालं."

"बर्टनला काय माहीत?"

"तो गात होता."

शांतता. कॉफीचा एक घोट. मग त्यांनी मान वाकडी करून ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तुझी बारीक तार उतरलीय. चढव."

उतरली नव्हती. पण आमचं वळण असं, की वडीलधाऱ्याने तार चढव म्हटलं की चढवायची. मी खुंटी पिळली. "अजून." पिळली. "अजून जरा." टण्ण! तार माझ्या मनगटावर सपकन बसली, अख्खं दुकान वळलं, आणि आजोबा "ऊप्स" म्हणून ड्रम्सच्या खोलीकडे चालू लागले.

काउंटरवरची निळ्या केसांची पोरगी सहा वेळा सॉरी म्हणाली आणि मग पैसे घेतले. सुटी तार मिळत नाही, अख्खा संच घ्यावा लागतो. बाकमनच्या तुटक्या तारेतून निघालेलं गाणं १९७०च्या मेमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर तीन आठवडे होतं. माझ्या तारेतून निघाली ही पावती, आणि घरी खणात पडलेल्या पाच तारा.

कार्ड मशीनला लावत होतो तेव्हा ड्रम्सच्या खोलीतून ठेका ऐकू आला. आजोबा वायवायझेड वाजवत होते. सवयीने मोजलं. आठ मात्रा. पुन्हा मोजलं. आठच.