आत्याची जंजिरा मोहीम

पाचला निघायचं, नऊला मुरूड, दहाला जंजिरा, दुपारी ताजे मासे, रात्री पुण्यात. काकांनी बेत आखला होता झकास. फक्त गाडीत आत्या असणार, हे ते विसरले. निघालो पावणेसातला. ताम्हिणी घाटात दोनदा "पोटात ढवळतंय रे" झालं आणि राजपुरीच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास घेऊन आत्या म्हणाली, "हवा छान आहे."

शिडाच्या होडीत बसेपर्यंत सगळं सुरळीत होतं. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसतच नाही. समोर नुसती काळी भिंत. मग एकदम कमान दिसते, आणि तिच्या खाली शेवाळलेल्या पायऱ्या. होडी त्या पायऱ्यांशी लागते म्हणणं धाडसाचं. ती लाटेबरोबर वरखाली होते, म्हणजे पायरी आत्ता गुडघ्याशी असली तरी पुढच्या क्षणी कमरेशी.

"आजी, लाट वर आली की पाय टाका. विचार करू नका," नावाडी म्हणाला.

आत्या विचार करू लागली. शिवाय "आजी" कोणाला म्हटलं, हा प्रश्न आधी निकालात काढायचा होता.

तीन लाटा गेल्या. मागे दुसरी होडी ताटकळली. सिद्द्यांचा हा किल्ला का जिंकता आला नाही, ते मला त्या दहा मिनिटांत कळलं. शिवाजी महाराजांच्या पद्मदुर्ग या जवळच्याच जलदुर्गावरच्या लाय पाटलांनी रात्री याच तटाला शिड्या लावल्या होत्या. मोरोपंतांची कुमक वेळेवर आली नाही, म्हणून मोहीम फसली. संभाजी महाराजांनी 1682 च्या सुमारास समुद्रात दगड टाकून वाट बांधायला घेतली होती. ती पुरी झाली असती तर आत्या चपला न काढता चालत गेली असती.

आमची कुमक म्हणजे काका. त्यांनी मागून आधार द्यायचा ठरलं होतं. ते मोबाइलवर शूटिंग करत होते. शेवटी नावाड्यानं मनगट धरलं, मी पर्स धरली, आत्यानं गणपतीचं नाव घेतलं आणि डावा पाय घोट्यापर्यंत पाण्यात घालून ती जंजिऱ्यावर दाखल झाली.

आत गोड्या पाण्याचे तलाव पाहिले, धापा टाकत बुरूज चढलो. कलालबांगडी तोफेपाशी वाटाड्या तिच्या वजनाचं वर्णन रंगवत होता. आत्यानं ओली चप्पल झटकली, काकांकडे पाहिलं.

"एवढं धूड होडीतून उतरवलं असेल तर तेव्हा धरायला चांगली माणसं होती."

परतताना होडीत उतरायच्या वेळी काकांचा मोबाइल आत्याच्या पर्समध्ये होता.