खड्ड्याला भाडं लावा

आमच्या सदाशिव पेठेतल्या गल्लीत एक खड्डा राहायला आलाय. येताना संसार घेऊनच आला: सिमेंटचे पाइप, पिवळे पत्रे, खडीचा ढीग आणि 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असा फलक. फलकावरची मुदत मे महिन्याची होती. आता गणपती तोंडावर आलेत.

जिन्यापासून रस्त्यापर्यंत दोन फळ्या टाकल्यात. त्यांवरून जाताना सासूबाई मोठ्याने रामरक्षा म्हणतात, मी मनातल्या मनात. सिलिंडरवाला कोपऱ्यावरूनच फोन करतो, "वहिनी, इथं येऊन घेऊन जाता का?" आणि हा काही पहिला खड्डा नाही. आधी पाण्याच्या लाइनीसाठी खणलं, बुजवलं, वर छान डांबर ओतलं. ते वाळतंय तोवर ड्रेनेजवाले हजर. टेंडर वेगळं, ठेकेदार वेगळा, मग खड्डाही स्वतंत्र नको का?

तळमजल्यावरचे अप्पा सरकारी बांधकामांवर इंजिनीअर म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेत. मी त्यांना विचारलं, "अप्पा, ही माणसं काम का करत नाहीत हो?"

"करतात की! पण दुसरीकडे. काम पंचवीस-तीस टक्के बिलोने, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्या कमी दराने, घेतलं असणार. जेसीबी एक, साइटी चार. जिथला साहेब ओरडेल तिथे जेसीबी."

"मग एवढ्या स्वस्तात देतात कशाला?"

"सर्वांत कमी दर भरला त्याला काम दिलं की फायलीवर कुणी बोट ठेवत नाही, सूनबाई. २०२१च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अर्थखात्याने मुभा दिली, ठरावीक कामांत गुणवत्तेलाही ३० टक्क्यांपर्यंत गुण धरा म्हणून. पण गुण दिले की का दिले हे लिहावं लागतं. लिहिणाऱ्याच्या मागे चौकशी लागते. स्वस्तात दिलं म्हणून कोणाची चौकशी झालेली ऐकलीस?"

मग त्यांनी बिलाचं शास्त्र सांगितलं. मोजमाप पुस्तकात चढतं त्याचेच पैसे: खोदाई इतके घनमीटर, पाइप इतके मीटर. "तुझी फळीवरची कसरत कुठल्या आयटेमात बसते, सांग!" उशीर झाला की मुदतवाढीचा अर्ज. कारणं पाऊस, आचारसंहिता, जमिनीत सापडलेली अनोळखी केबल. (टेंडर काढण्याआधी खाली काय आहे ते बघायचं असतं म्हणे. आमच्या भागात तर पेशव्यांनी कात्रजहून आणलेल्या पाण्याचा नळही निघायचा. तो एक्स्ट्रा आयटेम.)

जंगली महाराज रस्त्याचा विषय अर्थातच निघाला. पुण्यात रस्त्यांवर बोलताना तो काढावाच लागतो. सत्तरच्या दशकात रेकॉन्डो कंपनीने १० वर्षांची हमी देऊन केलेला रस्ता पुढे कितीतरी वर्षं टिकला. "हमी अंगावर असली की माणूस खडी नीट दाबतो," अप्पा म्हणाले.

मला मात्र आवडली ती त्यांची अमेरिकेची गोष्ट. १९९४च्या भूकंपात लॉस एंजेलिसच्या महामार्गावरचे पूल पडले. कंत्राटात लिहिलं होतं: १४० दिवसांत उभे करा, लवकर केलंत तर दिवसाला दोन लाख डॉलर बक्षीस, उशीर केलात तर तेवढाच दंड. काम झालं ६६ दिवसांत. काही ठिकाणी तर टेंडर उघडताना पैशांबरोबर रस्ता किती दिवस अडवणार तेही विचारतात. दिवसाचा भाव ठरलेला असतो, तो धरून ज्याची बेरीज कमी, त्याला काम.

हे मी वाड्याच्या बैठकीत मांडलं. खड्ड्याला दररोज भाडं लावायचं म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे खुलले. भाडं वसूल करण्यात आमची पेठ कोणाला हार जाणार नाही. डिपॉझिट किती, भाडं पागडीने की अकरा महिन्यांच्या करारावर, इथवर चर्चा गेली. मग मी बक्षिसाचं कलम वाचलं.

"लवकर संपवलं म्हणून वर पैसे?" जोशीकाका चष्मा काढून म्हणाले, "अहो, दिवस कमी भरले तर पैसे कापायचे असतात. आमच्या बाईंचे आम्ही कापतो."

ठराव बहुमताने फेटाळला गेला.