भुशाचं डिझेल: मशीनला आगाऊ रक्कम देण्याआधी

बेळगाव-खानापूर भागातल्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: ‘फिनलंडमध्ये लाकडाच्या भुशापासून डिझेल बनतं. किलोला लिटर. मशीन घ्या, फुकटच्या भुशाचं तेल काढा, थेट ट्रॅक्टरात घाला.’ सॉ मिलवाले खरंच चौकशा करू लागलेत, म्हणून लिहितोय.

फिनलंडमध्ये लाकडापासून डिझेल बनतं, हे खरं. लापेनरांताला यूपीएम कंपनी 2015 पासून ते बनवते आणि ते चांगलं डिझेल आहे. पण ते भुशाचं नव्हे. कागदासाठी पाईनचं लाकूड रसायनात शिजवून लगदा करतात, तेव्हा लाकडातली राळ आणि तेलकट आम्लं साबणासारखी होऊन काळ्या पाण्यावर तरंगतात. तो साबण काढून त्यात सल्फ्युरिक आम्ल घातलं की ‘टॉल ऑइल’ सुटतं. टनभर लगद्यामागे साधारण 30 ते 50 किलो, बस्स. म्हणजे तेलाचा माल मुळात झाडातच होता. मग मोठ्या दाबाखाली हायड्रोजन देऊन त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो. हे काम रिफायनरीचं, वखारीच्या मागच्या शेडचं नव्हे. पेपर मिल आपल्याजवळ दांडेलीलाही आहे, पण तिथं निलगिरी, सुबाभूळ असलं लाकूड लागतं. त्यात पाईनसारखी राळ नाही.

‘किलोला लिटर’ तर होऊच शकत नाही. वाळलेल्या किलोभर भुशात सुमारे 18 मेगाजूल ऊर्जा असते, लिटरभर डिझेलमध्ये सुमारे 36. कणभरही वाया न जाता दोन किलो लागतील, आणि वाया तर बरंच जातं. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात भिजलेला भुसा असेल, तर तो वाळवायलाच जळण लागेल.

हवा न लागू देता भुसा तापवला की काळपट तेल निघतं. मशीनच्या व्हिडिओत दिसतं ते हेच. पण त्यात पाव हिस्सा पाणी असू शकतं, ते आंबट असतं, डिझेलमध्ये मिसळत नाही, साठवलं की घट्ट होत जातं. असलं तेल पंपात, इंजेक्टरमध्ये गेलं की ट्रॅक्टर ऐन पेरणीत उभा राहील. अमेरिकेत मिसिसिपीमध्ये कीऑर कंपनीनं लाकडाच्या चुऱ्यापासून इंधनाचा भलामोठा कारखाना काढला होता. 2014 मध्ये तिचं दिवाळं निघालं.

आणि भुसा फुकट कुठाय? वीटभट्टी, कोंबड्यांची शेड, भुशाची शेगडी, सगळीकडे तो लागतोच.

मशीन विकणाऱ्याकडे आयएस 1460 या डिझेलच्या मानकाप्रमाणे तपासलेला लॅबचा रिपोर्ट मागा. तो हातात पडेपर्यंत एक रुपयाही आगाऊ देऊ नका.